परक्या घरातला शिकवणीचा तास

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात : परदेशात एखाद्या कुटुंबात राहायचे, त्या घरच्या मुलाला शिकवायचे, आणि मूल काही केल्या शिकायला बसत नाही. पहिले पत्र लांबलचक आहे, पण उत्तर त्यातल्या बारीकसारीक तपशिलांवरच उभे असल्यामुळे मी त्याला फारशी कात्री लावलेली नाही. पत्रलेखकांची नावे आणि देश त्यांच्या विनंतीवरून गाळले आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी २४ वर्षांची आहे. पदवीनंतर परदेशी भाषा पक्की करावी या हेतूने गेले तीन महिने मी इथल्या एका कुटुंबात राहते आहे. राहणे-जेवण त्यांच्याकडे, वर थोडा हातखर्च, आणि त्या बदल्यात त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला रोज दुपारी दीड तास इंग्रजी आणि गणित शिकवायचे, असे ठरले होते. नवरा-बायको दोघेही स्वभावाने चांगली आहेत, मला स्वतंत्र खोली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हल्ली दुपारचे चार वाजत आले की माझ्या पोटात गोळा येतो. मुलगा हुशार आहे. मात्र अभ्यासाला बसवले की पाच मिनिटांत त्याची पेन्सिल खाली पडते, ती उचलायला तो टेबलाखाली जातो आणि वर येतच नाही. हाक मारली की तिथूनच माझ्या उच्चारांची नक्कल करतो. परवा तर वहीचे पान फाडून त्याचा बोळा त्याने माझ्या तोंडावर फेकला. माझा आवाज जरा चढला की पलीकडच्या खोलीत काम करणारी त्याची आई दार उघडून येते, त्याला जवळ घेते आणि ‘आज दमला असेल, राहू द्या’ म्हणते. कधी ती फोनवर असली तर येत नाही, तेव्हा तो आणखी मोठ्याने ओरडतो. रात्री जेवताना त्याचे वडील सगळ्यांसमोर ‘आज काय शिकवलंत?’ असे विचारतात, आणि मला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. माझ्याआधी दोन वर्षांत या घरात तिघी येऊन गेल्या, हे मला इथे आल्यावर समजले. दुसरे असे की कामाला आता हद्दच राहिलेली नाही. त्याला शाळेतून आणणे, संध्याकाळी सांभाळणे, शनिवारी त्याच्या धाकट्या बहिणीकडेही बघणे, हे सगळे हळूहळू माझ्याकडे आले. ‘तू घरचीच आहेस’ असे ते म्हणतात, त्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटत नाही. मी शिक्षिका आहे, पाहुणी आहे की कामाला ठेवलेली बाई आहे, हेच कळेनासे झाले आहे. मला शिकवताच येत नाही म्हणून हे होत असेल का? सोडून परत यावे का?

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात, ते म्हणजे तुमच्याआधी तिघी येऊन गेल्या हे. हाच हिशेब त्या मुलाच्या बाजूने मांडून पाहा. सातव्या वर्षापासून त्याच्या घरात दर काही महिन्यांनी एक अनोळखी ताई येते, त्याच्या सवयी, त्याची खेळणी, त्याला कशाची भीती वाटते हे सगळे तिला कळते, आणि त्याला तिची सवय झाली न झाली तोच ती सामान बांधून निघून जाते. ती का गेली हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही, आणि मुलांना कारण सांगितले नाही की ती स्वतःलाच कारण समजतात. अशा मुलाने चौथीला जीव लावावा तरी कोणत्या भरवशावर? जाणारच असेल तर ती लवकर गेलेली बरी, हा त्याचा विचार मला फारसा चुकीचा वाटत नाही. अर्थात हा दुरून केलेला तर्क आहे. पण तो धरून चालण्यात तुमचे नुकसान काही नाही, आणि त्या कागदी बोळ्याकडे पाहण्याची तुमची नजर तेवढी बदलेल.

आता तुम्हाला शिकवता येते की नाही, या प्रश्नाकडे वळू. तुम्ही वर्णन केलेली दुपार मी क्रमाने कागदावर उतरवून पाहिली. पेन्सिल पडते, तो खाली जातो, तुम्ही हाक मारता, तो नक्कल करतो, तुमचा आवाज चढतो, आई येते, तास संपतो. या साखळीत इंग्रजी किंवा गणित कुठेच आलेले नाही, तेव्हा तुमची शिकवण्याची हातोटी बरी की वाईट हे ठरवण्याची वेळच अजून आलेली नाही. जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील ऑरेगन राज्यात आक्रमक मुलांच्या कुटुंबांचे अनेक वर्षे निरीक्षण केले होते आणि त्यांना घरोघरी हेच चक्र आढळले. मोठे माणूस काही करायला सांगते, मूल आरडाओरडा करते, मोठे माणूस माघार घेते आणि ओरडणे थांबते. मुलाला ओरडण्याचे फळ मिळते, मोठ्याला माघार घेण्याचे, कारण घर शांत होते. दोघांनाही बक्षीस मिळत असल्यामुळे चक्र आपोआप थांबायचे काही कारण उरत नाही. तुमच्याकडे माघार आई घेते आणि भुर्दंड तुम्हाला पडतो, एवढाच फरक. ती रोज येत नाही यामुळे प्रकरण सौम्य होते असेही समजू नका. ज्या कृतीचे फळ कधी मिळते आणि कधी मिळत नाही, ती कृती मोडायला सर्वांत चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. आई फोनवर असते तेव्हा तो आणखी मोठ्याने ओरडतो, असे तुम्हीच लिहिले आहे.

म्हणून सुरुवात मुलापासून न करता आईपासून करावी, असे मला वाटते. या बाबतीत मला नेहमी ॲन सलिव्हनची आठवण होते. हेलन केलरची ही शिक्षिका सगळ्यांना माहीत असते ती पाण्याच्या हापशापाशी घडलेल्या प्रसंगामुळे. मला त्याच्या आधीचा महिना अधिक बोलका वाटतो. ३ मार्च १८८७ रोजी ॲन अलाबामातील टस्कंबिया या गावी केलर कुटुंबात राहायला आली तेव्हा ती अवघी २० वर्षांची होती, म्हणजे तुमच्याहूनही लहान. हेलनला सातवे वर्ष चालू होते. तिला दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते, आणि दयेपोटी घरातले कोणी तिला कशासाठी अडवत नव्हते. जेवणाच्या वेळी ती टेबलाभोवती फिरून वाटेल त्याच्या ताटात हात घाली. तिने ॲनला खोलीत कोंडून किल्ली लपवली, तेव्हा वडिलांना शिडी लावून बाईंना खिडकीतून खाली उतरवावे लागले. एका झटापटीत तर ॲनचा पुढचा दात पडला. पण ॲनची खरी अडचण वेगळीच होती : मुलीचे रडणे वडिलांना बघवत नसे, आणि सकाळी उभे केलेले सगळे दुपारपर्यंत कोसळत असे. तिने आईवडिलांकडे एवढीच मागणी केली की जवळच असलेल्या बागेतल्या छोट्या घरात तिला आणि हेलनला काही दिवस स्वतंत्र राहू द्यावे. त्या दोघी तिथे सुमारे दोन आठवडे राहिल्या. आईवडील रोज येऊन पाहून जात, पण मुलीला त्यांची चाहूल लागू दिली जात नसे. ५ एप्रिलला हापशाच्या धारेखाली हेलनला ‘पाणी’ हा जो शब्द उमगला तो त्यानंतरचा. त्या काळात केलेली बळजबरी आज कोणी करू नये. मात्र मुलीशी झगडण्याआधी ॲनने मोठ्यांकडून मोकळीक मिळवली, ती ठरावीक मुदतीची ठेवली आणि त्यांना लेकराकडे लक्ष ठेवण्याची वाटही मोकळी ठेवली, एवढे तिच्याकडून जरूर घ्यावे.

तुमच्या बाबतीत ते बागेतले घर म्हणजे बंद दाराआडचा तास. मुलगा शाळेत असताना आईला वेळ मागा आणि दोन आठवड्यांपुरती एक विनंती करा : तास चालू असताना आतून कितीही आवाज आला तरी, त्याला लागले असेल किंवा तुम्ही स्वतः बोलावले असेल तरच तिने दार उघडावे. त्या बदल्यात दीड तासाचा तास तुम्ही अर्ध्या तासावर आणा आणि दर शुक्रवारी, मूल समोर नसताना, काय जमले आणि काय नाही हे तिला सांगा. ‘तुमच्यामुळे तो बिघडतो’ असे चुकूनही सुचवू नका. पलीकडच्या खोलीत काम करणाऱ्या आईला आपल्या मुलाचा आवाज ऐकत बसणे किती जड जात असेल, आणि डोळ्यांदेखत तीन मुली निघून गेल्यानंतर तिच्या मनात काय काय येत असेल, याचा विचार करा. ‘त्याचा माझ्यावर विश्वास बसायला अवधी हवा, तेवढा मला द्या’ हे वाक्य पुरेसे आहे. हे बोलणे आधी कागदावर लिहून काढा. अर्धवट येणाऱ्या भाषेत आपल्याकडे क्रियापदे असतात, पण धार बोथट करणारे ‘जरा’, ‘बहुतेक’, ‘मला वाटतं’ हे शब्द वेळेवर तोंडात येत नाहीत, आणि साधी विनंतीही फटकळ ऐकू येते.

वडिलांच्या प्रश्नाचे काय करायचे ते मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. तरुणपणी मीही अशाच एका घरात राहून शिकवत होते. एका रात्री जेवताना मुलाच्या वडिलांनी सहज चौकशी केली आणि मी दिवसभराचा वैताग त्यांच्यापुढे ओतला. मुलाने हातातला चमचा अजिबात आवाज होऊ न देता ताटाच्या कडेला ठेवला. त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. त्याच्या लेखी मी त्या रात्री पक्ष बदलला होता. तेव्हा जेवताना फक्त एक खरी चांगली गोष्ट सांगायची, अगदी क्षुल्लक असली तरी चालेल, आणि बाकीचे शुक्रवारसाठी ठेवायचे. खोटी स्तुती मात्र करू नका, नऊ वर्षांच्या मुलाला ती पहिल्या वाक्यात ओळखू येते.

आता मुलाकडे. तो तुमच्या उच्चारांची नक्कल करतो, याचा अर्थ त्याचा कान तयार आहे आणि तुमच्यापेक्षा आपल्याला काहीतरी जास्त येते याचा त्याला आनंद आहे. त्या आनंदाला काम द्या. अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटे तो तुमचा शिक्षक. त्याच्या भाषेतले पाच शब्द त्याने निवडायचे, तुम्ही म्हणायचे, त्याने लाल पेनने तुमच्या वहीत गुण द्यायचे. पाचापैकी दोन मिळाले तर दोन. हसून घ्या, पण दुसऱ्या दिवशी तेच शब्द नीट म्हणून दाखवा. चुकणे, पुन्हा बसणे आणि सुधारणे हे त्याने कोणत्या तरी मोठ्या माणसाला करताना बहुधा पाहिलेलेच नसेल. नंतरच्या वीस मिनिटांत काय काय होणार हे एका चिठ्ठीवर त्याच्यासमोर लिहायचे आणि झालेल्या कामावर त्यानेच रेघ मारायची. पेन्सिल पडलीच, तर एकदा, फक्त एकदाच, वही घेऊन तुम्हीही टेबलाखाली जा आणि तिथेच बसून पुढचे गणित सोडवा. त्याचा चेहरा पाहण्यासारखा होईल. रोज गेलात तर तोही एक हट्ट होऊन बसेल.

कागदाचा बोळा पुन्हा आला तर त्यावर व्याख्यान नको. ‘हा नंतर तू उचलशील’ एवढे म्हणून चिठ्ठीवरच्या पुढच्या ओळीकडे जा. तास लहान असावा, पण तो तुम्ही संपवलेला असावा. त्याच्या दंग्याने संपलेला असू नये. पहिल्या आठवड्यात दंगा वाढेल, कारण रोज उघडणारे दार एकाएकी उघडेनासे झाले की कोणीही आधी अधिक जोराने ठोठावून पाहतो. याची कल्पना आईला आधीच द्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी ती आत येईल आणि आधीपेक्षा मोठा आवाज काढावा लागतो एवढेच तो शिकेल.

आणखी एक काम आठवडाभर करा : पेन्सिल नेमकी कोणत्या वेळी पडते ते टिपून ठेवा. गणित करताना ती हातात राहत असेल आणि मोठ्याने वाचायला सांगितले की पडत असेल, तर प्रश्न हट्टाचा नसून वाचनाचा असू शकतो. डिस्लेक्सिया असलेली कित्येक मुले हुशार असतात आणि आपल्याला वाचता येत नाही हे उघडे पडण्यापेक्षा वात्रट म्हणवून घेणे पसंत करतात. त्याला नाव देण्याचा अधिकार तुमचा नाही; टिपण आईवडिलांपुढे ठेवा, तपासणी शाळेने किंवा तज्ज्ञाने करावी. आणि शाळेतून आल्या आल्या ती पडत असेल, तर तास अर्धा तास पुढे ढकलून पाहा, कारण कधी कधी उत्तर तितकेच साधे असते.

त्याला टेबलाखालून हाताला धरून ओढू नका. स्वीडनने १९७९ साली जगात प्रथम मुलांना मारण्यावर, अगदी घरातही, कायद्याने बंदी घातली. जर्मनीत ती २००० साली आली, आणि आज अशा देशांची यादी मोठी आहे. दंडाला धरून खसकन ओढण्यात आपल्याला काही वावगे वाटले नाही, तरी तिथे त्याचा अर्थ फार वेगळा लागू शकतो. कायदा बाजूला ठेवला तरीही ते करू नये, हे वेगळे सांगायला नको.

कामाची हद्द हा विषय या बोलण्यात मिसळू नका. दोन्ही एकदम काढलेत तर तुम्ही मुलाच्या नावाने स्वतःची सौदेबाजी करता आहात असे त्यांना वाटेल. ‘तू घरचीच आहेस’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते आणि ते सोयीचेही असते, कारण घरच्या माणसाचे तास कोणी मोजत नाही. तुम्ही मोजा. दोन आठवडे रोजचे काम वेळेसह लिहून ठेवा आणि नंतर ती वही पुढे करून, ठरलेल्यातले काय राहिले आणि नवीन काय आले, एवढेच विचारा. शिक्षिका, पाहुणी की कामाची बाई, हा तुमचा प्रश्न त्या वहीने पूर्ण सुटणार नाही. अशा घरात माणूस तिन्ही थोडे थोडे असते, आणि ते खुपते हे मला मान्य आहे.

परत यावे का? मी असते तर आजपासून सहा आठवड्यांनंतरची एक तारीख वहीत लिहून ठेवली असती आणि तोपर्यंत हा विचार रोज रात्री उगाळला नसता. त्या तारखेला आईने दार उघडणे थांबवलेले नसेल आणि तासांची वही कोणी वाचलेली नसेल, तर खुशाल निघा. मात्र जायचे ठरले तर त्या मुलाला ते तुम्ही स्वतः सांगा, निदान आठवडाभर आधी, आणि कारण तो नाही हेही सांगा. आधीच्या तिघींपैकी कोणी तसे केले असते, तर तुमची दुपार कदाचित वेगळी गेली असती.

प्रश्न : महोदया, माझी २० वर्षांची मुलगी येत्या काही महिन्यांत परदेशात एका कुटुंबात राहून त्यांच्या दोन मुलांना सांभाळणार आणि शिकवणार आहे. कुटुंब चांगले वाटते, पण सगळे तोंडी ठरले आहे. कागदावर काय असावे? तिला स्वतःच्या अभ्यासाला वेळ मिळेल का?

उत्तर : तोंडी ठरलेले कागदावर आणल्याशिवाय तिला विमानात बसवू नका. अशा व्यवस्थेला युरोपात ‘ओ पेअर’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ बरोबरीच्या नात्याने असा आहे, आणि ही बरोबरी कागदावर नसेल तर बहुधा कुठेच नसते. युरोप परिषदेने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे यासंबंधी एक करारनामा केला. लेखी करार, वय साधारण १७ ते ३०, दिवसाला सहसा पाच तासांहून अधिक काम नाही, आठवड्यात किमान एक पूर्ण दिवस सुट्टी आणि भाषेच्या वर्गाला जाण्याइतका वेळ, अशा त्याच्या अटी आहेत. तो मोजक्याच देशांनी स्वीकारला, त्यामुळे त्याला कायदा न मानता मोजपट्टी माना आणि ज्या देशात ती जाणार तिथले नियम वेगळे तपासा. हा फरक किती मोठा असू शकतो ते पाहा : जर्मनीत दिवसाला सहा आणि आठवड्याला ३० तासांची मर्यादा आहे, तर अमेरिकेत दिवसाला दहा आणि आठवड्याला ४५ तासांची. ४५ तास म्हणजे घरातली मदत राहिली नाही, ती पूर्ण वेळची नोकरी झाली.

करारात ‘शिकवणे’ आणि ‘सांभाळणे’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या, कारण पुढची सगळी ओढाताण त्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत होते. व्हिसा कोणत्या कामासाठी आहे तेही पाहा. तो अनेकदा त्या एका कुटुंबापुरताच असतो, आणि शेजारच्या मुलाला पैसे घेऊन शिकवले तरी त्याचा भंग होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ सालच्या १८९ क्रमांकाच्या करारात घरकाम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी नमूद आहेत, आणि तुमची मुलगी कायद्याने त्या व्याख्येत बसो वा न बसो, त्या तिने पाठ कराव्यात : पासपोर्ट आणि ओळखपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क, आणि सुट्टीच्या वेळात घरातच थांबण्याचे बंधन नसणे. ‘सुरक्षित राहावा म्हणून’ पासपोर्ट कोणी मागितला तर तो गोड बोलून, पण ठामपणे, आपल्याच बॅगेत ठेवायचा. परतीच्या तिकिटापुरते पैसे कोणाला हात न लावता येईल असे बाजूला हवेत.

त्या कुटुंबाला एकच प्रश्न मी अगत्याने विचारीन : याआधी कोण होते आणि तिच्याशी बोलता येईल का? उत्तर देताना ते अडखळले, तर पहिले पत्र पुन्हा वाचा.

अभ्यासाचे म्हणाल, तर वेळ मिळतो, पण तो कोणी हातात आणून देत नाही. मारी क्युरी १८८६ ते १८८९ या काळात पोलंडमधील श्चुकी येथे एका कुटुंबात राहून मुलांना शिकवत होत्या, तिथून बहिणीच्या वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला पैसे पाठवत होत्या, आणि दिवसभराचे काम उरकल्यावर रात्री पदार्थविज्ञान आणि गणिताची पुस्तके काढून बसत होत्या. सगळ्यांना ते जमावे अशी माझी अपेक्षा नाही. म्हणूनच भाषेच्या वर्गाचे वार आणि वेळ करारातच लिहून घ्यावी असे म्हणते, म्हणजे रात्री नऊनंतरच्या उत्साहावर विसंबावे लागणार नाही.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून परदेशात एका घरी राहून त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला विज्ञान शिकवतो. दोन महिने ती कानात इअरफोन घालून नुसती बसून असायची. गेल्या आठवड्यात अचानक म्हणाली की शाळेत मुली तिला एकटे पाडतात, म्हणून ती मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन बसते. आणि हे आईला सांगायचे नाही असे वचन मागितले. मी काहीच बोललो नाही. काय करावे?

उत्तर : काहीच बोलला नाहीत ते बरे केलेत, कारण ‘कोणाला सांगणार नाही’ हे वचन मुलांना कधीच देऊ नये; ते पाळले तरी मुलाचा घात होतो आणि मोडले तरी होतो. आता तिच्याकडे परत जा आणि तिने सांगितले हे चांगले केले असे म्हणा. मग तिच्यापुढे निवड ठेवा : आईला ती स्वतः सांगेल, दोघे मिळून सांगाल, की तिच्या संमतीने तुम्ही सांगाल. कोणी सांगायचे हे तिने ठरवावे. सांगायचे की नाही हे मात्र नाही. त्यासाठी दोन-तीन दिवसांची मुदत पुरे. उद्या तिने घरातल्याच कोणाच्या हिंसेबद्दल किंवा स्पर्शाबद्दल काही सांगितले, तर मात्र आईवडिलांकडे जाण्याआधी त्या देशातल्या बालसंरक्षण यंत्रणेला विचारा. युरोपातील अनेक देशांत मुलांसाठीची मदतवाहिनी ११६१११ या एकाच क्रमांकावर आहे.

तुम्ही तरुण पुरुष आहात आणि ती तेरा वर्षांची मुलगी आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. शिकवणी बैठकीच्या खोलीत, दार उघडे ठेवून करा. फोनवर तिच्याशी खासगी संदेश नकोत. अभ्यासाचा निरोप असेल तर तो आईलाही जाईल असा पाठवा. ती बोलू लागली आहे तेव्हा पुन्हा बोलेल, आणि बहुधा तुम्ही प्रकाशाच्या वक्रीभवनाची आकृती काढत असताना, वहीतून मान वर न करताच बोलेल. त्या वेळी पेन खाली ठेवून तिच्याकडे टक लावून पाहू नका. आकृती काढत राहा आणि ऐका.